स्वखुशीने

माझे मामा लग्नपत्रिका पूर्ण वाचायचे. आपण वधूवरांची नावं आणि जेवणाची वेळ बघतो आणि पत्रिका फ्रिजवर टाकून देतो. मामा वरच्या गणपतीपासून सुरू करायचे, ते किलबिल करणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं ओलांडून पार खाली छापखान्याच्या फोन नंबरापर्यंत. एकदा एक कार्यकर्ता पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. मामांनी चष्मा चढवला, खिशातलं लाल पेन काढलं आणि पाच मिनिटांनी पत्रिका त्याच्याच हातात परत दिली.

"तारीख रविवारची आणि वार सोमवार छापलाय. नवरदेव आदल्या दिवशी येईल, नवरी दुसऱ्या दिवशी. मधल्या वेळात जेवायला कुणाला घालणार?"

त्या बिचाऱ्यानं सगळ्या पत्रिका पुन्हा छापल्या.

ही गोष्ट मी आमच्या घरात किती वेळा सांगितली असेल, याचा हिशेब नाही. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच, "सर, मामांची पत्रिका सांगा." मग मी पान तोंडात धरून सांगतो. अंबाजोगाईला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो मी. वर्गात पोरं ऐकत नाहीत, ती सगळी कसर नातेवाईकांवर काढतो. मामांच्या गोष्टींचा माझ्याकडं मोठा साठा आहे. पण बायको म्हणते, "तुमची गोष्ट दर वेळी निम्म्यातच थांबते. पुढं मामा मेले का काय?" तिला पुढचं माहीत आहे. मला बोचावं म्हणून विचारते.

तर आज पुढचंही सांगतो.

मामा अंबाजोगाईला वकिली करायचे, तेव्हा त्यांच्या टेबलाजवळ हबीब मुन्शी बसायचा. निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचणारा आख्ख्या कोर्टात तो एकटा. मामा त्याला सांगायचे, 'मुन्शी, ओळ सोडू नका', आणि मुन्शी ओळ सोडायचा नाही. येणाऱ्या प्रत्येक पक्षकाराला मामांचा पहिला धडा ठरलेला होता: "सही करायच्या आधी वाच. वाचता येत न्हाई, तर वाचून घे. वाचून देणारा मिळाला न्हाई, तर घरी जा, भाकर खा, झोप. पण सही करू नको."

केजकडचा एक म्हातारा एकदा अंगठ्याला शाई लावूनच आत आला.

"साहेब, तुमच्यावर इस्वास हाय. वाचायचं काय त्यात?"

"इस्वास देवळात ठेव," मामा म्हणाले. "हितं कागद हाय."

आणि स्वतःच्या रुमालानं त्यांनी त्या म्हाताऱ्याच्या अंगठ्याची शाई पुसली. मग कागद मोठ्यानं वाचला, दोनदा. तो रुमाल धुवायला माझ्या मामींकडं गेला आणि डाग काही निघाला नाही. मामी वर्षभर कुरकुरत होत्या. मला त्या डागाचा फार अभिमान होता. मी तेव्हा शाळेत होतो आणि मोठेपणी वकील व्हायचं ठरवलं होतं. पुढं गणित आणि धाडस या दोन विषयांत नापास झाल्यामुळं मराठीचा मास्तर झालो.

आईपेक्षा मामा सहा वर्षांनी लहान. ती त्यांना 'माधू' म्हणायची, ते तिला 'अक्का'. आईचं माहेर युसूफ वडगावजवळचं. जमीन काळी, भरपूर. आजोबा गेले तेव्हा वारसाची नोंद करायला तलाठ्याकडं गावातली मोठी माणसं जमली होती. रिवाज असा, की पोरींनी यायचं, रडायचं, आणि भावाच्या नावावर सगळं सोडून साडी घेऊन जायचं. मामा नुकतेच वकील झाले होते. काळ्या कोटाचा इस्त्रीचा वास अजून गेला नव्हता.

"बहिनीचं नाव लावा," ते तलाठ्याला म्हणाले.

चुलत आजोबा कडाडले, "पोरीचं नाव कावून? तिला दिलं, तिकडं गेली. पाव्हणी झाली ती."

"नाव लावा," मामा म्हणाले. "कायदाय म्हणून न्हाई. ती माझ्या आधी जल्मली म्हणून."

सातबाऱ्यावर मामांच्या नावाखाली आईचं नाव लागलं. साडेचार एकर तिच्या वाट्याची. पिकाचा एक दाणाही तिनं कधी मागितला नाही. पण माहेरी गेली की घरात पाणी प्यायच्या आधी शेतात जायची. सालगड्याला म्हणायची, "दादा, पिकाच्या ह्या तासाला खुरपं कधी लागलंय?" स्वतः पदर खोचून गवत उपटायची. मामी दारात तांब्या घेऊन उभ्या राहायच्या. आम्ही पोरं आईला म्हणायचो, "तू पाव्हणी आलीस की मजूर?" आई म्हणायची, "सातबाऱ्यावर नाव हाय तवर मी पाव्हणी न्हाई."

मामा पैसेवाले कसे झाले, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. माजलगावच्या धरणाचं पाणी ज्या ज्या शिवारात पोचलं, तिथं ऊस पोचला. उसामागोमाग बांधाचे खटले पोचले आणि खटल्यांमागोमाग मामा. नंतर औरंगाबादचं खंडपीठ, कारखान्यांची कामं, दोन गाड्या, तिथला बंगला, आणि मग निवडणुका. गाडीत एसी होता, पण जिल्ह्याच्या हद्दीत काचा खाली. धूळ खात, हात दाखवत जायचे. हद्द ओलांडली की ड्रायव्हर न सांगता काचा वर घ्यायचा. त्याला कळायचं, आता मतदार संपले.

भाषाही तशीच. माणसं सभेत शुद्ध बोलतात आणि घरात गावठी. मामांचं उलटं झालं होतं. व्यासपीठावर 'हाय-न्हाई, लई वंगाळ, आमी तुमची लेकरं', आणि घरी आल्यावर मामींना, 'चहात साखर थोडी अधिक झाली आहे.' मी एकदा मोठ्या तोऱ्यात त्यांना म्हणालो, "मामा, तुमची प्रमाणभाषा आणि बोली यांची अदलाबदल झालीय."

"तुझी बदली झाली का?" त्यांनी विचारलं.

नव्हती झाली. मी तेव्हा आष्टीच्या पलीकडच्या एका खेड्यात शिकवत होतो आणि दर शनिवारी दोन एसट्या बदलून घरी येत होतो. मामांनी एक फोन केला. पंधरा दिवसांत मी अंबाजोगाईत. भाषेबद्दल मी पुन्हा काही बोललो नाही. फुकटच्या बदलीची किंमत नंतर कळते, आणि कळते तेव्हा ती चुकवायला भलताच माणूस उभा असतो.

मामा खासदार झाले. दुसऱ्यांदा झाले तेव्हा दिल्लीला अर्थ खात्याचे राज्यमंत्री. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्यानं मला त्या दिवशी उधारी मागितली नाही, "आता देशाची तिजोरीच तुमच्या घरात," म्हणाला. मी सीताफळांची पेटी घेऊन दिल्लीला गेलो. मंत्र्यांच्या दालनाबाहेर तीन तास बसलो तोपर्यंत फळं पिकून पेटीच्या फटीतून रस गळायला लागला आणि एक शिपाई माझ्याकडं बॉम्ब आणल्यासारखा पाहत होता. शेवटी आत बोलावलं. मी गावच्या रस्त्याचं बोललो. मामा म्हणाले, "तपासून घेतो."

त्यांची सगळी कारकीर्द मला त्या एका शब्दात दिसली. अंबाजोगाईत कुणी काम घेऊन आलं की ते म्हणायचे 'करतो'. औरंगाबादला म्हणायला लागले 'बघतो'. दिल्लीत 'तपासून घेतो'. माणूस जितका वर चढला तितकं क्रियापद लांबत गेलं.

त्याच वर्षी त्यांचं लोकसभेतलं ते भाषण झालं. टीव्हीवर थेट. आई भाकरी सोडून पुढं येऊन बसली. मामा शुद्ध मराठीत, मग हिंदीत सांगत होते: ज्या बाईच्या नावावर जमीन नाही, तिला बँक दारात उभी करत नाही. लेकीला हक्क द्यायचा असेल तर ओवाळणीत देऊ नका, कागदावर द्या. समोरची माणसं बाकं वाजवत होती.

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, वडीलधाऱ्यापुढं करतात तसा.

"बघ," ती म्हणाली. "माझ्याबद्दलच बोलायलाय."

त्यानंतर आठ-दहा महिन्यांनी मामांचा मला फोन आला. मंत्री झाल्यापासून त्यांचा फोन म्हणजे आधी एक बाई, मग एक बुवा, मग मामा.

"भाचे, गावाकडं आपण लॉ कॉलेज काढतोय. बाबांच्या नावानं. जमीन संस्थेकडं वर्ग करायची, तर सातबारा एका नावाचा पाहिजे. अक्काची एक सही लागेल. तेवढं हक्कसोडपत्र तुम्ही करून घ्या."

'तुम्ही' म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. मी फुगलो. संस्थेत मला काही पद मिळेल, असंही मला त्या 'तुम्ही'त ऐकू आलं. माझे कान असे कामाच्या वेळी फार तीक्ष्ण होतात.

अडचण एक निघाली. सातबाऱ्यावर आईचं नाव होतं सुभद्रा, माहेरचं. लग्नात आमच्या आजीनं तांदळात अंगठीनं 'वत्सला' लिहिलं, तेव्हापासून आधार कार्डापर्यंत ती वत्सला. कागदोपत्री सुभद्रा वेगळी आणि वत्सला वेगळी. जमीन एकीची, अंगठा दुसरीचा. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं शपथपत्र करावं लागलं. तेही मीच धावपळ करून केलं. आईला विचारलं, "तू एकच आहेस ना?" ती हसली. म्हणाली, "तुझ्या मामाला इचार. त्यानं दोघींना बघितलंय."

मसुदा हबीब मुन्शीनं केला होता. म्हातारा झाला होता, हात कापायचा, पण ओळ अजून सुटत नव्हती. मी कागद वाचला आणि मला एक चूक सापडली. 'मी स्वखूशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता' असं होतं. खू दीर्घ. मी पेन काढून तो ऱ्हस्व केला.

मुन्शीनं कागद परत घेतला.

"भाचेसाब, तुमचं शुद्धलेखन लई चांगलं हाय."

"आहेच," मी म्हणालो.

"हां," तो म्हणाला. "तेवढंच दुरुस्त करता येतं आपल्याला."

मला तेव्हा ते कौतुक वाटलं. मास्तरांना कौतुक ओळखायची सवय नसते, त्यामुळं काहीही कौतुक वाटतं.

सहीच्या दिवशी सकाळी केजला जाताना आई जीपमध्ये माझ्या शेजारी होती. तिनं चष्मा पदरानं पुसला. मग म्हणाली, "त्याला एवढं सांग. जमीन घे म्हणावं. पीक घे, कालेज काढ, काय करायचं ते कर. नुसतं नाव ऱ्हाऊ दे. बारकं ऱ्हाऊ दे, त्याच्या नावाखाली."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगायला पाहिजे होतं. मामा पुढच्या, लाल दिव्याच्या गाडीतून उतरले, आईच्या पाया पडले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "काय प्राध्यापक?" मी प्राध्यापक नाही. पण म्हणाले खरे. माझ्या तोंडातला शब्द तिथंच राहिला. तो आजही तिथंच आहे.

दुय्यम निबंधकाच्या खोलीत आईला खुर्ची दिली. तिनं चष्मा लावला आणि कागद हातात घेऊन वाचायला सुरुवात केली. ती हळू वाचायची, ओळीखाली बोट ठेवून. पाच मिनिटं झाली. मंत्र्यांना पुढं माजलगावला कार्यक्रम होता. सचिव दारात घड्याळ बघत होता.

"अक्का," मामा म्हणाले, "वाचायचं काय त्यात? मी वाचलाय की."

मुन्शी खिडकीबाहेर बघायला लागला. मी वरच्या पंख्याकडं.

आईचं बोट एका शब्दावर थांबलं होतं. तिनं मला विचारलं, कारण मराठीचा मास्तर मी. "स्वखुशीने म्हंजे रे काय?"

"आपल्या मनानं," मी म्हणालो.

"आपल्या म्हंजे कुणाच्या?"

 सत्तावीस वर्षं मी मुलांना सर्वनामं शिकवतो आहे, 'आपण' या शब्दाचे दोन अर्थ फळ्यावर लिहून देतो. त्या दिवशी मला एकही आठवला नाही. मामांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि तिच्या हातात दिलं.

तिनं सही केली. आधी सुभद्रा, मग वत्सला. साक्षीदार म्हणून मी केली. मग संगणकावरची मुलगी म्हणाली, "आजी, कॅमेऱ्याकडं बघा." आई हसली. फोटो काढताना हसायचं असतं, एवढं तिला ठाऊक होतं. दस्तावर तो फोटो छापलेला आहे, शेजारी अंगठा. आईचा इतका चांगला फोटो आमच्याकडं दुसरा नाही.

मामांनी साडी आणली होती. भारी, जरीची, खोक्यातली. मंत्री असो की सालगडी, बोळवण तीच. आईनं ती घेतली, कपाळाला लावली, ट्रंकेत ठेवली. नेसली कधीच नाही. कुणाला दिलीही नाही.

संस्थेवर मला घेतलं नाही. म्हणजे घेतलं असतं तर मी आज एवढं कडू बोललो असतो का, असं बायको विचारते. तिचा प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

आई त्यानंतर माहेरी गेली नाही. पंचमीला नाही, दिवाळीला नाही. भांडण नव्हतं. मामींचा फोन आला की छान बोलायची, पाऊस किती झाला, म्हैस व्याली का. "या की एकदा," म्हटलं की म्हणायची, "बघू." मामा भाऊबीजेला आमच्याकडंच यायचे, दहा मिनिटं. ती ओवाळायची. ते ताटात ओवाळणी घालायचे. दोघंही एकमेकांच्या कपाळाच्या जरा वर बघायची.

पुढच्या वेळी मामांना तिकीट मिळालं नाही. का नाही, ते मला ठाऊक नाही. वर्तमानपत्रात चार कारणं आली होती आणि मामांना पाचवं माहीत असावं. वर्ष झालं नाही तोच अर्धांगाचा झटका आला. औरंगाबादचा बंगला पोराकडं राहिला आणि ते गावाकडं आले. शेतातच, कॉलेजच्या कुंपणाला लागून त्यांनी घर बांधलं होतं, तिथं. बोलणं जड झालं होतं, पण समजायचं. मामी म्हणाल्या, रोज एकदा अक्काचं नाव काढतात.

चार महिने आईनं जायचं नाव काढलं नाही. मग एका दुपारी माझं कॉलेज सुटायच्या वेळी पिशवी भरून तयार बसलेली. "चल," म्हणाली.

कॉलेजच्या फाटकात रखवालदारानं गाडी अडवली. "कुणाकडं?"

"साहेबांच्या बहीण आहेत," मी म्हणालो.

"बरं बरं. पाव्हणे हायत," म्हणून त्यानं फाटक उघडलं. बिचारा आदरानंच म्हणाला.

आईची साडेचार एकर कुठली, ते मला ओळखू आलं नाही. वाहनतळ होतं, त्यापलीकडं इमारत. तिला ओळखू आलं असावं. एका ठिकाणी तिनं गाडीच्या काचेला हात लावला.

मामा व्हरांड्यात खुर्चीत होते. डावा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला. समोरून पोरं मोटरसायकली उडवत जात होती, एकही थांबत नव्हतं. आई त्यांच्याजवळ स्टुलावर बसली. पिशवीतून तिळाच्या पोळ्या काढल्या, तुकडा मोडून त्यांच्या तोंडात घातला. तो चावायला त्यांना फार वेळ लागला. ती थांबली.

"अक्का," मामा म्हणाले. शब्द घसरत होते, तिनं तोंडाजवळ कान नेला. "मुलींचं वसतिगृह बांधायलेत. त्याला तुझं नाव द्यायचं ठरवलंय. ठराव केलाय."

"बरं केलंस."

मामांनी दम खाल्ला. मग अगदी हळू विचारलं, "कोणतं टाकू? सुभद्रा का वत्सला?"

आई हसली. खरंच हसली, लहान भावावर हसतात तशी.

"दोन्ही एकच हायत, माधू. शपथेवर लिहून घेतलंयस की तू."

मामांचं तोंड अर्धं हसलं. अर्धं हसू शकत नव्हतं म्हणून, का अर्ध्यालाच हसू आलं होतं, ते मला कळलं नाही. मामींनी चहा आणला. चहा झाला. पावसाचं झालं, म्हशीचं झालं. आई उठली, भावाच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि पायात चप्पल घातली.

"जाते मी," ती म्हणाली.

मामी चटकन पुढं आल्या. "अवो वन्सं, असं काय म्हणता? येते म्हणा. माहेरातनं निघताना कुणी जाते म्हणतं का?"

आईनं मामींचा हात हातात घेतला, दाबला आणि सोडला.  पायऱ्या उतरून ती गाडीकडं चालू लागली.

मामा एका हातानं खुर्चीचा दांडा धरून उठायचा प्रयत्न करत होते. ओठ हलत होते. आईनं वळून पाहिलं नाही, म्हणून ते मला पाहावं लागलं.